लेसरने डीएनए, प्रोटीन आणि पेशींचे थेंब कसे छापायचे: लिफ्ट सुरू करणाऱ्यांसाठी

लिफ्ट, म्हणजे लेसर इंड्यूस्ड फॉरवर्ड ट्रान्सफर, लेसरच्या पल्सने द्रावणाचे बारीक थेंब एका काचेवरून दुसरीकडे छापायची पद्धत. ह्या कामात नवीन आलेला माणूस सगळ्यात आधी लेसरच्या मागे लागतो, एनर्जी किती, वेव्हलेंग्थ कुठली, पल्स केवढा, आणि ज्या काचेवर इंक, म्हणजे छापायचं द्रावण, पसरायची ती काच मात्र दोन मिनिटांत कशीतरी उरकतो. उलटं करा. लेसर एकदा सेट झाला की बिचारा रोज तेच काम करतो, पण काचेवरची ओली फिल्म मिनिटामिनिटाला बदलत असते, सुकते, सरकते, कडेला गोळा होते, आणि थेंब एकसारखे का येत नाहीत ह्याचं उत्तर बहुतेक वेळा तिथेच सापडतं. म्हणून खाली फिल्मवर जरा जास्तच लिहिलंय, लेसरवर कमी.

आधी नेमकं काय होतं ते बघू. एक पारदर्शक काच घ्यायची, तिच्या खालच्या बाजूला धातूचा अगदी पातळ थर, आणि त्या थरावर आपल्या द्रावणाची ओली फिल्म. ही झाली डोनर स्लाईड, काही लोक तिला रिबन म्हणतात. तिच्या खाली थोडं अंतर सोडून दुसरी काच किंवा पेट्री डिश, म्हणजे रिसीव्हर. लेसरचा पल्स वरून काचेतून जातो आणि धातूच्या थरात शोषला जातो, तेवढ्या ठिकाणची धातू क्षणात तापून वाफ होते, बुडबुडा तयार होतो, बुडबुडा फुगताना द्रावणाला खाली ढकलतो आणि फिल्मच्या मोकळ्या पृष्ठभागातून एक बारीक जेट बाहेर पडतो. ओल्या कागदाला मागून टिचकी मारल्यावर पुढच्या बाजूने पाणी उडावं, तसंच काहीसं. जेट रिसीव्हरवर टेकतो, थेंब तिथे राहतो, उरलेलं द्रावण परत वर ओढलं जातं. सगळा खेळ काही मायक्रोसेकंदांपासून फार तर काहीशे मायक्रोसेकंदांचा.

ह्यात नोझल कुठेच नाही हा मुख्य फायदा. इंकजेटमध्ये द्रावण जरा घट्ट झालं किंवा पेशींचा गुच्छ आला की नोझल तुंबतं, इथे तुंबायला काही नाहीच, त्यामुळे साधारण १ ते ३०० मिलिपास्कल सेकंद एवढ्या मोठ्या रेंजमधली व्हिस्कॉसिटी (द्रावणाचा घट्टपणा) चालते आणि पेशींची घनताही बरीच जास्त ठेवता येते. मूळ पद्धत जीवशास्त्रातली नाहीच, १९८६ मध्ये बोहँडी आणि सहकाऱ्यांनी एक्सायमर लेसरने तांब्याची फिल्म सिलिकॉनवर उतरवली होती, कोरडी धातू, पेशी वगैरे काही नाही. नंतर ह्याच कल्पनेवर अमेरिकेच्या नेव्हल रिसर्च लॅबोरेटरीत, बार्सिलोना, बोर्दो, हॅनोव्हर, सेगेद इथल्या गटांनी डीएनए, प्रोटीन आणि जिवंत पेशींपर्यंत काम नेलं. हॅनोव्हरच्या गटाने २०१२ मध्ये फायब्रोब्लास्ट आणि केराटिनोसाइट ह्या त्वचेतल्या पेशींचे थर एकावर एक छापून त्वचेसारखी रचना केली, आणि बोर्दोच्या गटाने २०१० मध्ये तर उंदराच्या कवटीवरच्या छेदात थेट नॅनो हायड्रॉक्सीॲपेटाइट, म्हणजे हाडात असतं तसं खनिज, छापून दाखवलं. इतिहास एवढा पुरे.

कामाला लागायच्या आधी डोळ्यांचं बघा. हे लेसर सहसा क्लास ४ चे असतात आणि १०६४ किंवा ३५५ नॅनोमीटरचा बीम डोळ्याला दिसत नाही. दिसत नाही म्हणून माणूस निर्धास्त होतो, आणि तिथेच घात होतो. गॉगल त्याच वेव्हलेंग्थचा पाहिजे, ५३२ चा हिरव्यासाठीचा गॉगल घालून १०६४ समोर उभं राहणं म्हणजे काहीच न घातल्यासारखं. पूर्ण मार्ग बंद डब्यात, दार उघडलं की शटर पडेल असा इंटरलॉक, आणि हातातली अंगठी, घड्याळ काढून ठेवा कारण चकचकीत वस्तूवरून परावर्तन होतं. मानवी पेशी किंवा जंतू वापरणार असाल तर ते वेगळं बायोसेफ्टीचं प्रकरण आहे, थेंब उडतात म्हणजे एरोसोलही होणार हे धरून चाला आणि तुमच्या बायोसेफ्टी ऑफिसरशी आधीच बोला.

आता डोनर स्लाईड. काच क्वार्ट्झची किंवा साधी मायक्रोस्कोप स्लाईडही चालते, फक्त तुमची वेव्हलेंग्थ तिच्यातून आरपार गेली पाहिजे. ३५५ आणि १०६४ ला साध्या काचेने भागतं, २६६ किंवा १९३ वर गेलात तर क्वार्ट्झ किंवा फ्यूज्ड सिलिकाच हवी. आधी ॲसिटोन, मग आयसोप्रोपॅनॉल, मग नायट्रोजनने सुकवणं, हे कंटाळवाणं आहे पण टाळू नका, कारण एक बोटाचा ठसा राहिला की त्या जागी धातू नीट धरत नाही. मग स्पटर करून (निर्वातात धातूचे अणू उडवून काचेवर बसवायची पद्धत) टायटॅनियम किंवा सोन्याचा ५०-६० नॅनोमीटरचा थर. त्याहून फार पातळ केला तर प्रकाश थरातून निसटून सरळ द्रावणात जातो, आणि यूव्ही वापरत असाल तर डीएनएला ते मुळीच नको असतं, फार जाड केला तर एनर्जी वाढवावी लागते आणि धातूचे कणही जास्त पडतात. सोन्याची स्लाईड उजेडासमोर धरून बघायची सवय लावा, चांगला एकसारखा थर असेल तर सगळीकडून सारखा हिरवट-निळसर उजेड दिसतो, कुठे फिकट पट्टा दिसला तर ती बाजू प्रिंटिंगला घेऊ नका. धातूचे कण थेंबात मिसळतात ही खरी अडचण आहे, तुमच्या प्रयोगात ते चालणारच नसेल तर धातूऐवजी काही मायक्रॉन जाडीचा पॉलिइमाइडचा (एक प्रकारचं प्लास्टिक) थर घ्या, तो फाटत नाही, फक्त फुगवटा येतो आणि त्या फुगवट्यानेच द्रावण ढकललं जातं. शोषणारा थर अजिबात न घालता फेमटोसेकंद लेसर थेट द्रावणात फोकस करायचीही पद्धत आहे, पण सुरुवातीला त्या वाटेला जाऊ नका, फोकसची उंची फारच जपावी लागते.

बरं, आता मुख्य गोष्ट, फिल्म पसरणं. हिशोब साधा आहे: २० मिलिमीटर बाय २० मिलिमीटर जागेवर २० मायक्रोलिटर द्रावण एकसारखं पसरलं तर जाडी ५० मायक्रॉन होते. कागदावर होते, प्रत्यक्षात कडेला द्रावणाचा वक्र उंचवटा (मेनिस्कस) चढतो, मध्ये पातळ राहते, त्यामुळे कडेचे दोनेक मिलिमीटर सोडूनच छापायचं. पिपेटने टाकून टोकाने पसरवण्यापेक्षा ठरावीक फट असलेल्या ब्लेडने एका दमात ओढलेली फिल्म कितीतरी चांगली येते, हात मध्ये थांबला की तिथे आडवी रेघ राहते आणि ती रेघ पुढे प्रिंटमध्ये जशीच्या तशी दिसते, त्या ओळीतले थेंब मोठे किंवा गायब. स्पिन कोटिंग, म्हणजे स्लाईड गरगर फिरवून इंक पसरवणं, पण करतात, पण पेशी असतील तर त्या भिरभिरण्यात बाहेरच्या बाजूला जातात, शिवाय अर्धी इंक वाया.

फिल्म पसरतच नाही, नुसते गोळे होतात, ही तक्रार फार येते. सोनं किंवा टायटॅनियम हवेत काही दिवस पडलं की त्याच्यावर सेंद्रिय घाण बसते आणि पाणी त्याला चिकटत नाही. स्लाईड कोटिंग झाल्यावर लवकर वापरा, नाहीतर वापरायच्या आधी थोडा वेळ प्लाझ्मा क्लीनरमध्ये ठेवा, लगेच फरक दिसतो. स्लाईड उलटी करायची असते हेही विसरू नका. ५० मायक्रॉनची फिल्म सरफेस टेन्शनवर आरामात लटकून राहते, पण नीट चिकटलेली नसेल तर उलटी केल्यावर हळूहळू एका कोपऱ्याला जमा होते.

आणि सुकणं. एवढ्या पातळ फिल्ममधलं पाणी उघड्यावर बघता बघता उडतं. खात्री करायची असेल तर कुठलंही महागडं यंत्र नको, फिल्म पसरलेली स्लाईड मिलिग्रॅमच्या दशांशापर्यंत मोजणाऱ्या काट्यावर ठेवा आणि दर मिनिटाला आकडा लिहा. सुरुवातीला २० मिलिग्रॅम पाणी होतं, त्यातलं पाच मिनिटांनी किती राहिलं ते बघितल्यावर आपण किती वेळात छापून मोकळं व्हायला पाहिजे हे आपोआप कळतं. डीएनए आणि प्रोटीनसाठी ग्लिसरॉल मिसळतात, पाणी आणि ग्लिसरॉल निम्मं निम्मं हे बरंच वापरलं जाणारं मिश्रण आहे, त्याने बाष्पीभवन कमी होतं आणि जेटही शांत येतो. पेशींना एवढं ग्लिसरॉल झेपत नाही, ऑस्मॉटिक प्रेशरने मरतात, तिथे सोडियम अल्जिनेट, रक्तातला प्लाझ्मा, कोलॅजेन असलं काहीतरी घालून इंक घट्ट करायची आणि आजूबाजूची हवा दमट ठेवायची. बफरमधलं मीठ पण लक्षात असू द्या, पाणी उडालं की मिठाची तीव्रता वाढत जाते, म्हणजे दहाव्या मिनिटाला छापलेल्या पेशी पहिल्या मिनिटाच्या पेशींपेक्षा वेगळ्याच द्रावणात होत्या.

पेशींच्या बाबतीत अजून एक गोष्ट आहे जी फार कमी जण सांगतात, पेशी खाली बसतात. १५ मायक्रॉनची पेशी पाण्यासारख्या पातळ मीडियममध्ये सेकंदाला पाचसहा मायक्रॉन वेगाने बुडते, म्हणजे ५० मायक्रॉनची फिल्म ती दहा सेकंदांच्या आत पार करते! स्लाईड सरळ धरून पसरवताना पेशी धातूच्या बाजूला गेल्या, उलटी केली की मोकळ्या पृष्ठभागाकडे आल्या, आणि तुम्ही समजताय की इंक एकजीव आहे. व्हिस्कॉसिटी शंभरपट केली तर हाच वेग शंभरपट कमी होतो आणि हातात दहा-बारा मिनिटं मिळतात. अल्जिनेट घालायचं खरं कारण माझ्या मते हेच, बाकीचे फायदे नंतर.

एका थेंबात किती पेशी येतील हे आधीच काढता येतं. एका मिलिलिटरमध्ये १ कोटी पेशी असतील तर १०० पिकोलिटरच्या थेंबात सरासरी १ पेशी पडते. सरासरी म्हणजे प्रत्येक थेंबात एक असं नाही हां, पॉइसनच्या (योगायोगाने घडणाऱ्या गोष्टी मोजायच्या) हिशोबाने साधारण ३७ टक्के थेंब रिकामे, ३७ टक्क्यांत एक आणि उरलेल्या २६ टक्क्यांत दोन किंवा जास्त. रिकामे थेंब दिसले म्हणून लेसरला दोष देऊ नका, ते गणितच तसं आहे. प्रत्येक थेंबात पेशी हवीच असेल तर घनता वाढवा, आणि नेमकी एकच हवी असेल तर कॅमेऱ्याने फिल्ममध्ये पेशी शोधून तिच्यावर नेम धरून पल्स सोडायचा, हे लिफ्टमध्ये जमतं कारण फिल्म पारदर्शक आहे, फक्त शोषणारा थरही उजेड जाऊ देणारा पाहिजे.

आता लेसरकडे. नॅनोसेकंद पल्सचा एनडी याग लेसर सगळ्यात सोयीचा, १०६४ सोन्याबरोबर किंवा ३५५ टायटॅनियमबरोबर अशा जोड्या नेहमी वापरात असतात. पहिलं काम फोकस. इंक न लावलेली कोरडी कोटेड स्लाईड लावा, उंची थोडी थोडी बदलत एक एक पल्स सोडा आणि मायक्रोस्कोपखाली भोकं बघा, सगळ्यात लहान आणि गोल भोक जिथे पडलं ती उंची लिहून ठेवा. भोक लांबट येत असेल तर बीम वाकडा शिरतोय, आधी अलाइनमेंट करा, पुढे जाऊ नका. स्पॉटचा खरा आकार काढायला वेगवेगळ्या एनर्जीला भोकाचा व्यास मोजा आणि व्यासाचा वर्ग विरुद्ध एनर्जीचा लॉग असा ग्राफ काढा, बीम गॉसियन (मध्ये तीव्र, कडेला हळूहळू मंद) असेल तर सरळ रेघ येते आणि तिच्या उतारावरून स्पॉटचा आकार मिळतो.

हे एवढं का करायचं? कारण थेंब पडणं न पडणं नुसत्या एनर्जीवर नसतं, फ्लुएन्सवर असतं, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला किती एनर्जी पडते त्यावर. १० मायक्रोज्यूलचा पल्स ४० मायक्रॉन व्यासाच्या स्पॉटवर पडला तर फ्लुएन्स साधारण ०.८ ज्यूल प्रति चौरस सेंटिमीटर. फोकस जरा हलला आणि स्पॉट ५० मायक्रॉनचा झाला की तोच आकडा ०.५ वर येतो, मीटरवर एनर्जी मात्र तीच दिसते. दुसऱ्याच्या पेपरमधली मायक्रोज्यूलची किंमत उचलून आपल्या सेटअपवर चालवायला जाणारे ह्याच्यामुळेच फसतात.

मग अंतर. डोनर आणि रिसीव्हरमध्ये काहीशे मायक्रॉन ते १ मिलिमीटर एवढी फट ठेवतात, स्पेसर लावून ठेवलेली बरी, दोन्ही काचा समांतर आहेत ना ते चारही कोपऱ्यांवर तपासा. फट फारच कमी असेल तर जेट तुटायच्या आधी दोन्हीकडे चिकटतो, फिल्म आणि रिसीव्हरमध्ये पूल तयार होतो आणि सगळी इंक खाली वाहते, जास्त असेल तर जेट वाटेतच फुटून मुख्य थेंबाभोवती बारके थेंब पडतात.

आता पहिली प्रिंट: एनर्जीची शिडी. प्रत्येक ओळीत एकच एनर्जी, ओळीत दहाएक शॉट, पुढच्या ओळीत थोडी जास्त. साध्या काचेवर छापा, खरा नमुना वाया घालवू नका, ग्लिसरॉल-पाण्यात थोडा फ्लुओरेसंट डाय टाकला की झालं. खालच्या ओळींत काहीच पडणार नाही, बुडबुडा फुगून परत बसतो, जेट रिसीव्हरपर्यंत पोचतच नाही. मग एका ओळीपासून काही शॉट पडतात काही नाही, हा थ्रेशोल्ड. त्याच्या वर स्वच्छ गोल थेंब, एनर्जी वाढेल तसे मोठे, आणि अजून वर गेलं की कडा फाटलेल्या, चहूकडे शिंतोडे. काम करायचं ते स्वच्छ पट्ट्याच्या मधोमध, थ्रेशोल्डला अगदी चिकटून नको कारण लेसरची एनर्जी पल्सागणिक थोडी हलतेच आणि तिथे त्याचा फटका पूर्ण थेंब गायब होण्यात बसतो. फिल्मची जाडी किंवा इंक बदलली की ही शिडी परत करायची, आळस नको.

शॉट किती जवळ मारायचे? डोनरवर दोन शॉटमधलं अंतर बुडबुड्याच्या व्यासापेक्षा जास्त पाहिजे, नाहीतर दुसरा पल्स आधीच्या शॉटने भोक पडलेल्या धातूवर किंवा हललेल्या फिल्मवर पडतो. रिसीव्हरवर थेंब जवळ हवे असतील तर दोन्ही स्टेज (काचा धरणारे सरकते मंच) वेगवेगळ्या हलवाव्या लागतात, डोनर जास्त सरकवायचा, रिसीव्हर कमी. वेगाचंही तसंच, १० किलोहर्ट्झला दोन पल्समध्ये १०० मायक्रोसेकंदच असतात, तेवढ्यात शेजारचा बुडबुडा पूर्ण बसलेला असेलच असं नाही, आणि मग जेट तिरका जातो. थेंब एका बाजूला सरकलेले दिसले की वेग कमी करून बघा.

रिसीव्हर कशाचा हे काय छापताय त्यावर. डीएनएसाठी पॉली एल लायसिन लावलेली काच, प्रोटीनसाठी नायट्रोसेल्युलोज किंवा एपॉक्सी कोटिंग, म्हणजे थेंब सुकल्यावर रेणू धुवून जात नाहीत. काच जितकी पाणी ढकलणारी तितका ठिपका लहान. १० पिकोलिटरचा थेंब हवेत असताना जेमतेम २७ मायक्रॉनचा असतो पण पाणी पसरणाऱ्या काचेवर त्याचा ठिपका कितीतरी रुंद होतो. पेशींना मात्र कोरड्या कडक काचेवर आपटू नका, जिलेटिन, मॅट्रिजेल किंवा फायब्रिनचा ओला थर द्या, तो धक्काही झेलतो आणि थेंब सुकूही देत नाही. अल्जिनेटची इंक असेल तर छापल्यावर कॅल्शियम क्लोराइडने जेल करून घ्या, आणि लगेच वरून कोमट मीडियम.

जिवंत किती राहिल्या ते कॅल्सीन एएम आणि प्रोपिडियम आयोडाइड ह्या चमकणाऱ्या रंगांनी बघतात, हिरव्या जिवंत, लाल मेलेल्या. चांगल्या सेटअपमध्ये ९० टक्क्यांच्या वर पेशी जगतात असे रिझल्ट अनेक गटांनी दिलेत. पण लगेचचा आकडा बघून खूष होऊ नका, २४ तासांनी परत बघा, आपटलेली पेशी काही वेळा नंतर मरते. आणि कंट्रोल दोन ठेवा: एक म्हणजे त्याच इंकमधून पिपेटने टाकलेल्या पेशी, दुसरा म्हणजे डोनरवर तेवढाच वेळ पसरून ठेवलेल्या पण न छापलेल्या पेशी. हा दुसरा कंट्रोल बहुतेक जण गाळतात. त्यात पेशी मेल्या तर दोष सुकण्याचा आहे, लेसरचा नाही, आणि तो कंट्रोलच नसेल तर तुम्ही महिनाभर एनर्जी वरखाली करत बसाल.

काही बिघडलं तर कुठे बघायचं: सगळ्या ओळी सुरुवातीला छान आणि शेवटी फिक्या, म्हणजे फिल्म सुकतेय. एका बाजूचे थेंब मोठे, दुसरीकडचे लहान, तर स्लाईड समांतर नाही किंवा फिल्म एका बाजूला वाहिली. ठिपक्याची कडा गडद आणि मध्य फिका, तर थेंब रिसीव्हरवर सुकताना रेणू कडेला ओढले गेले, दमटपणा वाढवा किंवा ग्लिसरॉल थोडं वाढवा. ठिपक्यात काळे बारीक कण, तर धातूचा थर जाड आहे किंवा एनर्जी जास्त आहे. अधूनमधून एखादा शॉट गायब, आणि जागा ठरलेली नाही, तर एनर्जी मीटर लावून पल्स मोजा. तीच जागा दर वेळी गायब होत असेल तर मीटर राहू द्या, डोनर हलवल्यावर जागा बदलते का बघा, बदलली तर स्लाईडवर डाग आहे, नाही बदलली तर वरची लेन्स किंवा आरसा पुसायची वेळ झालीय.